पालकांसह ओकायामा

मुलांना जपानला नेणं सोपं आहे. अवघड असतं ते पालकांना नेणं, आणि हल्ली ते तिकीट न काढता फोनमधून येतातच.

आठवी-नववीची मुलं घेऊन मी पुण्याहून ओकायामाच्या एका शाळेत गेलो होतो. आदल्या दिवशी तिथल्या कोराकुएन बागेचे फोटो ग्रुपवर टाकले. तीनशे वर्षांहून जुनी बाग. लगेच एका वडिलांचं उत्तर, "हे सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यानात आहे की! मग एवढे पैसे कशाचे?" ते उद्यान या बागेवरूनच केलंय, असं मी लिहिलं. "म्हणजे ओरिजिनल दाखवताय. चालेल," म्हणून त्यांनी अंगठा दिला.

शाळेच्या दारात बाहेरचे बूट खणात ठेवून आतले घालायचे. खणांना ना दार, ना कुलूप. फोटो बघून पुण्यात धावपळ. "सर, बूट नवीन आहेत." "सर, कुणाला तरी तिथे उभं करा." एका आईने तर आळंदीत सिद्ध झालेली युक्ती कळवली: डावा एका खणात, उजवा लांबच्या खणात.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथल्या साडेबाराच्या जेवणाला इथे सकाळचे नऊ, म्हणजे हातात चहा आणि फोन. पांढरे डगले, टोप्या, मास्क घालून वर्गातलीच मुलं वाढत होती. मिसो सूप दिसायला अगदी सोवळं, टोफू आणि कांद्याची पात. पण त्याचं पाणी सुक्या माशाच्या किसाचं, म्हणून शाकाहारी मंडळींनी थेपले काढले. मेथीचा वास सुटल्यावर मिसोवाले माना वळवून बघायला लागले. शिवाय प्रत्येकाला 200 मिलीलिटर दूध. घरी दुधाचं नाव काढलं की पळणारा अथर्व घटाघट प्यायला! हा चमत्कार मी अभिमानाने ग्रुपवर टाकला.

"गार होतं का? त्याला कफ होतो."

कोमट करून मिळेल का, हे तिथल्या शिक्षिकेला विचारायची माझी छाती झाली नाही.

मग सफाई. तिथे वर्ग, जिने मुलंच झाडतात. बाकं मागे सरकली, आमची मुलंही ओली फडकी घेऊन गुडघ्यांवर बसली आणि जपानी मुलांशी शर्यत लावून व्हरांडा पुसायला लागली. चांगली खिदळत होती. एक फोटो गेला आणि ग्रुप पेटला. "यासाठी पासपोर्ट काढला?" "आमच्याकडे ती ताटसुद्धा उचलत नाही." त्यावर कुणाच्या तरी आजींनी आवाजी निरोप धाडला, "मग आता उचलेल!" पाच मिनिटं ग्रुप चिडीचूप.

रात्री अथर्वच्या आईचा मला वेगळा मेसेज आला. "सर, तिथे संडासही मुलंच धुतात असं ऐकलं. अथर्वचा तसा व्हिडिओ असेल तर पाठवाल का? ग्रुपवर नको. त्याच्या बाबांना दाखवायचाय."