गुर्दाफरीदचं चित्र नेमकं कुठल्या क्षणाचं?

शनिवारी कट्ट्यावर अण्णांनी मोबाइल पुढे केला. शाहनामा या फारसी महाकाव्याच्या जुन्या हस्तलिखितातलं पान होतं. दोन घोडे, दोन चिलखतं, आणि एका चिलखतावर सुटलेले लांब केस.

"ही गुर्दाफरीद, हा सोहराब. रुस्तमचा मुलगा."

बाळ्या म्हणाला, "म्हणजे हरली ना ही?"

तिथेच माझं डोकं फिरलं. अरे, इराणच्या शत्रूची, तुराणची फौज घेऊन सोहराब इराणच्या पांढऱ्या किल्ल्यावर येतो, हुजीरसारख्या वीराला जिवंत धरतो. त्याची लाज वाटून म्हाताऱ्या गझ्दहमची ही लेक केस शिरस्त्राणाखाली दडवून एकटी बाहेर पडते. बाणांचा पाऊस पाडते. सोहराबचा भाला अंगावर आला तेव्हा तलवारीने त्याचे दोन तुकडे करते! पुढे तो शिरस्त्राण ओढून काढतो, कमरेला फास टाकतो, हे खरं. पण ती म्हणते, दोन्ही फौजा बघताहेत, पोरीशी लढलास म्हणून हसतील. चल, किल्ला तुझाच. तो भुलतो. ती आत शिरते, दरवाजा बंद! मग तटावरून त्यालाच हसते. रातोरात सगळे भुयारातून निसटतात, सकाळी सोहराबच्या हाती रिकामा किल्ला.

"आणि चित्रकार काय काढतात? केस सुटले तो क्षण. पुन्हा पुन्हा तोच!" मी म्हणालो.

ताई चित्रकला शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "शिरस्त्राण डोक्यावर ठेवलं तर ही बाई आहे हे तुला कळलं असतं? चिलखतातले सगळे सारखेच दिसतात."

अण्णांनी तिची बाजू घेतली. "कवी फिरदौसीने हे काव्य पुरं केलं १०१० मध्ये. आज उरलेल्या सचित्र प्रती १३०० च्या आसपासपासूनच्या. तोवर गोष्ट ऐकणाऱ्यांना पाठ होती. आणि चित्राला लागूनच ओळी आहेत की, दरवाजा तिथे वाचायचा."

मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. जे आधी डोळ्यांत भरतं तेच लक्षात राहतं. बाळ्याचंच बघा ना.

ताईने भज्यांचा कागद उलटा केला, पेन काढलं. बंद दरवाजा, खाली घोड्यावर सोहराब, वर तटावर ती. बोडक्या डोक्याने.

"केस आहेतच की!" बाळ्या म्हणाला.

"असू देत. शिरस्त्राण त्याच्याकडेच राहिलं."