‘तुकडे’ दिले, हे खरं आहे

नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात: दुकानाच्या वेबसाइटसाठी झुलणारी माटोळी (चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट) मागितली तर आम्ही चित्राचे सतरा तुकडे हातात ठेवले, फळांभोवती पांढरी किनार दिसते, आणि सुपारी सारखी झटके खाते. शेवटच्या दोन आमच्या चुका. पहिली मात्र मान्य नाही.

आधी झटक्याचं सांगतो. केळ्यांचा घड जड, त्याचा एक झोका ८ फ्रेमचा, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या ८ स्थिर चित्रांचा, ठेवला होता. सुपारीचा घड हलका, म्हणून त्याचा ६ फ्रेमचा. दोन्ही एकाच वेळी मूळ जागी यायला २४ फ्रेम लागतात. फाइल जड होते म्हणून आमच्याकडच्या मुलाने जिफ (हलत्या चित्राची फाइल) ८ फ्रेमवरच तोडली. केळी बरोबर जागेवर आली. सुपारी दुसऱ्या झोक्याच्या दोनच फ्रेम होऊन मध्येच राहिली आणि चक्र नव्याने सुरू होताना उडी मारून परतली. पाठवण्याआधी मी पाहिलं होतं, पण चवथीच्या गडबडीत एकच फेरी. हा झटका दुसऱ्या फेरीशिवाय दिसतच नाही.

किनारीचं असं की जिफमधला प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक, नाहीतर अजिबात नाही. मधलं काही चालत नाही. त्यामुळे कडा मऊ दिसाव्यात म्हणून कडेचे ठिपके मागच्या रंगात मिसळून ठेवावे लागतात. तुमचं पान तेव्हा पांढरं होतं, नंतर तुम्ही ते कुंकवासारखं लाल केलंत. रंग बदलणार आहात का, हे विचारायला हवं होतं ते आम्हीच. शिवाय जिफ हा प्रकार १९८७ सालचा, एका फ्रेममध्ये २५६ रंगांच्या पलीकडे जात नाही. म्हणून केळ्यांवरची पिवळी छटा पट्ट्यापट्ट्यांची आली. हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला खटकलं होतं.

आता तुकडे. तुम्ही माटोळीचं सामान विकता, तुम्हाला काय सांगायचं? लाकडी चौकट आधी टांगतात, मग एकेक फळ दोरीने बांधतात. आम्ही तेच केलं. प्रत्येक फळ आपल्या दोरीसकट वेगळं काढलं आणि त्याचा अँकर पॉइंट, म्हणजे ज्याभोवती चित्र फिरतं तो बिंदू, वरच्या गाठीवर नेला. सॉफ्टवेअर तो आपणहून चित्राच्या मध्यावर ठेवतं; तसाच राहू दिला तर नारळ झुलत नाही, पंख्यासारखा जागच्या जागी फिरतो. रात्री साडेनऊला तुमचा फोन आला, ‘दोन नारळ काढा, चिबूड घाला, आंबाडे जरा खाली घ्या.’ दहा मिनिटांत झालं, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. सगळं एकाच सपाट चित्रात असतं तर नारळ पुसून मागची चौकट पुन्हा रंगवावी लागली असती. ‘म्हापशात हेच काम अर्ध्या पैशांत होतं’ असं तुम्ही लिहिलंय. होत असेल. त्यांच्याकडे नारळ काढायला सांगून बघा.

एक मात्र कबूल. फोल्डर उघडल्यावर तुम्हाला ‘ऑब्जेक्ट ९’, ‘ऑब्जेक्ट ९ कॉपी’ असली नावं दिसली. ते बघून कुणालाही भंगारच वाटेल.

म्हणून सगळं एसव्हीजीमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी चित्र साठवणाऱ्या फाइलमध्ये, नव्याने करून दिलंय, त्याचे पैसे नाहीत. त्यात प्रत्येक फळाला स्वतःचा वेग असतो, २४ फ्रेमचा हिशोबच उरत नाही, आणि मागे कुठलाही रंग ठेवलात तरी कड स्वच्छ राहते. फायलीत आता ‘सुपारी डावी’, ‘चिबूड’, ‘चौकट’ अशी नावं आहेत. पूर्ण रक्कम परत मागितली आहे, ती देणार नाही. काम झालेलं आहे. जिफ पुन्हा बनवण्याचे वेगळे पाचशे घेतले होते ते मात्र आज परत केलेत, खातं बघा. फोंड्याच्या बाजारात याल तेव्हा लॅपटॉप घेऊन वर या. पुढच्या चवथीला फळं तुमची तुम्हीच कशी बदलायची ते दाखवतो.