दोन सर्व्हर, एक डबा

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या काकांचा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटा कारखाना आहे. परवा त्यांनी व्हॉट्सॲपवर एक फिरता मेसेज पाठवला, वर स्वतःची ओळ: "बघ रे, तू उगाच खर्च वाढवून सांगतोस." मेसेज असा: दोन सर्व्हर घ्या, डेटाबेस एका नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कांच्या डब्यावर) ठेवा. एक बंद पडला की दुसरा उचलतो, डाउनटाइम शून्य. दोन्ही एकदम चालवलेत तर वेग दुप्पट. नॅसमध्ये रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून तो अनेक डिस्कांवर ठेवण्याची सोय) असल्यामुळे बॅकअपची कटकटही नाही.

पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. सामायिक स्टोरेजवरचा फेलओव्हर, म्हणजे एक पडला की दुसऱ्याने काम उचलणं, ही जुनी, मान्य पद्धत. डेटा एकाच जागी असल्यामुळे सर्व्हर मेला तरी कमिट झालेली, म्हणजे पक्की लिहिली गेलेली नोंद हरवत नाही. पण शून्य कसलं? दुसऱ्याला आधी लॉग (बदलांची नोंदवही) वाचून मागचं निस्तरावं लागतं, मग सगळी कनेक्शनं नव्याने जोडायची. आणि डबाच बसला की दोन्ही सर्व्हर बसले. समजा, एकेक सर्व्हर ९९ टक्के वेळ चालतो. मग जोडी झाली ९९.९९ टक्के. डबा ९९.५ टक्के धरा, सगळं मिळून ९९.४९. वर्षाला सुमारे ४५ तास बंद. खऱ्या सॅनमध्ये (मोठ्या, खास नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजमध्ये) कंट्रोलर, पॉवर सप्लाय, स्विच सगळं दोन-दोन असतं ते यासाठीच. मेसेजमधल्या फोटोत डब्याला एक वायर विजेची, एक नेटवर्कची. संपलं.

'दोन्ही एकदम चालवा' वाचून मात्र मी हातातला चहा खाली ठेवला. ओरॅकल डेटाबेसच्या 'रॅक'सारखी (RAC) व्यवस्था मुळातच त्यासाठी बांधलेली असते. तिथे सर्व्हर आपसांत बोलून कुणी काय धरलंय ते ठरवतात. पोस्टग्रेस या साध्या डेटाबेसला ते येत नाही. घरी दोन जुनी मशीनं एकाच एनएफएस फोल्डरला (नेटवर्कवरून वाटलेल्या फोल्डरला) जोडून करून पाहिलं. पोस्टग्रेस डेटाच्या फोल्डरात एक छोटी पीआयडी फाइल ठेवतो, 'इथे मी आहे' अशी पाटी. पहिल्या ओळीत प्रोसेसचा नंबर. दुसऱ्या मशीनने फाइल वाचली आणि तो नंबर स्वतःच्याच मशीनवर शोधला. तिथे कुठून सापडणार? 'मालक मेला' असं समजून त्याने पाटी पुसली, मागचं काम अर्धवट तुटल्याचं लॉगमध्ये लिहिलं, रिकव्हरी केली आणि खुशाल सुरू झाला. लाल अक्षरात एक ओळ नाही! पहिला तिकडे लिहितोच आहे. डेटाचा चिवडा व्हायला एवढं पुरे.

हे नुसतं हौसेने दोन्ही चालवल्यावरच होतं असंही नाही. मधली केबल सुटली तरी दुसऱ्याला वाटतं, पहिला गेला. म्हणून आधी जुन्याची वीज तोडायची, मगच नवा उठवायचा. याला फेन्सिंग म्हणतात. शिवाय दोघांच्या भांडणात निकाल द्यायला तिसरं मत लागतं; ते लहानशा मशीनचं असलं तरी चालतं. मेसेजमध्ये या दोन्हींचा पत्ता नाही.

एनएफएसच वापरणार असाल तर माउंट, म्हणजे फोल्डर मशीनला जोडण्याचा प्रकार, 'हार्ड' हवा. 'सॉफ्ट'मध्ये नेटवर्क अडखळलं की लिहिणं मध्येच सोडून दिलं जातं, आणि डेटाबेसला तेच सोसत नाही.

रेड म्हणजे बॅकअप, हे तर किती वेळा ऐकायचं! रेड डिस्क मेली तर वाचवतो. कुणी चुकून अख्खं टेबल पुसलं तर ते पुसणंही तो इमानाने सगळ्या डिस्कवर पोहोचवतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा माझ्या एका गिऱ्हाइकाचे दोन्ही सर्व्हर आणि डबा तळमजल्यावर एकाच रॅकमध्ये होते. कामाला आली ती त्यांच्या मुलीकडे अलकापुरीत ठेवलेली, आठवड्यापूर्वीची हार्ड डिस्क.

काकांना सांगितलं, सामायिक डबा सोडा. दोन सर्व्हर, दोघांच्या आपापल्या डिस्का, मध्ये रेप्लिकेशन (एकावरचे बदल सतत दुसऱ्यावर उतरवणं), आणि रोजचा बॅकअप कारखान्याबाहेर. दुसरा उठवायला माणसाला दहा मिनिटं लागली तरी तुमचं डिस्पॅच अडत नाही.

"बॅकअप आहे की आपला," काका म्हणाले. रविवारी जाऊन उघडून पाहिला. शेवटची फाइल मार्चची होती, शून्य केबीची.