‘मागच्या दाराने बर्कली’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार सर,

कम्युनिटी कॉलेजात (सर्वांना खुल्या असलेल्या स्थानिक, दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात) दोन वर्षे शिकून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे बर्कली हे ज्याचे एक संकुल आहे त्या विद्यापीठात, तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याच्या वाटेविषयी मी लिहिले, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: ही मागच्या दाराची वाट आहे, बारावीपर्यंत घाम गाळून थेट प्रवेश मिळवणाऱ्या मुलांवर तिच्यामुळे अन्याय होतो, बहुतेक मुले पहिल्याच कॉलेजात अडकून पडतात आणि माझ्यासारखी माणसे पालकांना खोटी आशा दाखवतात. आपल्या फ्रीमाँटच्या नातवाला बर्कलीने यंदा नाकारले आणि तो आता घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाणार आहे, हेही आपण लिहिले आहे. त्यामुळे केवळ वाद म्हणून नव्हे, तर त्या मुलाच्या पुढच्या दोन वर्षांचा विचार करून उत्तर देते आहे.

ज्या वाटेला आपण मागचे दार म्हणता, ती नियमाला बगल देऊन निघालेली नाही. ती नियमानेच आखली गेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांची प्रचंड संख्या लवकरच महाविद्यालयांत येणार, हे दिसू लागल्यावर १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक आराखडा स्वीकारला. क्लार्क कर हे तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि या आराखड्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्के मुलांची निवड विद्यापीठाने करावी, वरच्या एक तृतीयांशांची राज्य महाविद्यालयांनी करावी आणि कम्युनिटी कॉलेजे सर्वांना खुली असावीत, असे त्यात ठरले. एवढ्यावर थांबले असते तर सतराव्या-अठराव्या वर्षीच मुलाच्या भवितव्यावर शिक्कामोर्तब झाले असते. म्हणून त्याच आराखड्यात असेही सुचवले होते की, विद्यापीठातील पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी ६० टक्के विद्यार्थी वरच्या दोन वर्षांतले असावेत, म्हणजे दोन वर्षे अन्यत्र शिकून आलेल्यांसाठी जागा राहील. आजही दोन नव्या फ्रेशमनमागे (शाळेतून थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांमागे) एक ट्रान्सफर विद्यार्थी (दुसऱ्या कॉलेजात शिकून येणारा) घ्यावा, हे विद्यापीठाचे उद्दिष्ट आहे आणि ट्रान्सफरने येणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात.

अन्यायाच्या मुद्द्याविषयी माझे मत ठाम आहे. थेट प्रवेश मागणाऱ्याचे शाळेतले गुण आणि उपक्रम पाहिले जातात, तर ट्रान्सफर मागणाऱ्याने महाविद्यालयीन पातळीवरचे कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी लेखन असे ६० सेमिस्टर युनिटचे (श्रेयांकांचे) काम प्रत्यक्ष केलेले असते आणि त्याची पारख त्यावर होते. बर्कलीत ट्रान्सफर अर्जदारांपैकी साधारण चौघांत एकाला प्रवेश मिळतो, थेट अर्जदारांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे खरे; पण या आकड्यांवरून ‘सोपी वाट’ असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण पूर्वतयारीचे विषय पुरे न झालेली असंख्य मुले अर्जापर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय इथे आल्यावर ट्रान्सफरची मुले मागे पडत नाहीत. पदवी पूर्ण करण्याचे त्यांचे प्रमाण थेट आलेल्यांच्या बरोबरीचे आहे.

बहुतेक मुले अडकून पडतात, हा आपला आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करते आणि पालकांनी तो वारंवार ऐकावा असे मला वाटते. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ साली दिलेल्या अहवालात म्हटले आहे की, ट्रान्सफरचा हेतू धरून कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी साधारण पाचांत एकच विद्यार्थी चार वर्षांत ट्रान्सफर होतो. नोकरी, घरची जबाबदारी, पैशाची ओढाताण ही कारणे आहेतच. पण चांगल्या घरची, अभ्यासू मुलेही अडकतात आणि ती बहुधा विषयांच्या निवडीत अडकतात.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीला बर्कलीत यांत्रिकी अभियांत्रिकी हवी होती. राज्याच्या ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर आपले कॉलेज, हवे ते विद्यापीठ आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडले की एक तक्ता उघडतो. त्यात एका बाजूला विद्यापीठाचा विषय आणि दुसऱ्या बाजूला आपल्या कॉलेजातला त्याचा समकक्ष विषय दिलेला असतो. तिने तो तक्ता पहिल्याच सत्रात छापून घेतला आणि खाली येता येता प्रोग्रॅमिंगच्या एका विषयासमोर तिला तीन शब्द दिसले: ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’. म्हणजे तिच्या कॉलेजात त्या विषयाला मान्य असा पर्यायच नव्हता. तिने शेजारच्या कॉलेजाचा तक्ता काढला, तिथे तो विषय सापडला आणि उन्हाळ्यात तिने तो पुरा केला. भौतिकशास्त्राची मालिका मात्र काउन्सेलरने तिला एकाच कॉलेजात संपवायला सांगितली, कारण अशा मालिकेचे तुकडे दोन कॉलेजांत केले तर पुष्कळदा त्यांची मान्यताच जाते. हे सारे चौथ्या सत्रात लक्षात आले असते, तर एक वर्ष वाया गेले असते. तिला बर्कली मिळाले. तिच्याच वर्गातल्या, तितक्याच हुशार मुलाला मिळाले नाही. पण त्याने याच विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलाकडून प्रवेशाची हमी घेऊन ठेवली होती, त्यामुळे तो आज डेव्हिसला आनंदाने शिकतो आहे.

या हमीविषयी आपण काहीच लिहिलेले नाही, म्हणून सांगते. विद्यापीठाची डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा संकुले ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी, कमाल ४.०) पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. ती एकाच संकुलाची घेता येते आणि काही अभ्यासक्रम तिच्यातून वगळलेले आहेत. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांच्याकडे अशी हमी नाही. पण दुसऱ्या संकुलाची हमी हाताशी ठेवून तिथेही अर्ज करता येतो.

खर्चाचे थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर शुल्क पडते, म्हणजे ६० युनिटचे २,७६० डॉलर. विद्यापीठाचे एकाच वर्षाचे शुल्क पंधरा हजार डॉलरच्या घरात जाते. मात्र पुण्या-नाशिकहून विद्यार्थी व्हिसावर थेट इथल्या कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्याला युनिटचा दर कितीतरी पट जास्त पडतो, आणि त्या मुलांना स्वस्ताचे आमिष दाखवणाऱ्या दलालांवर आपण जी टीका केली आहे, तिच्याशी मी सहमत आहे.

आपल्याकडेही ही कल्पना अनोळखी नाही. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेणारी हजारो मुले महाराष्ट्रात आहेत आणि प्राध्यापक म्हणून आपण त्यांना शिकवलेही असेल. कार्यशाळेत त्यांचा हात किती सराईत असतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

मला सर्वांत जास्त त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मंडळाच्या गणेशोत्सवात ‘मुलगा कुठे शिकतो?’ असे कोणी विचारले की कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचे आई-वडील विषय बदलतात, आणि मुलगा शेजारीच उभा असतो. अशी मुले काउन्सेलरकडे जायला लाजतात, वर्गात कोणाशी मैत्री करत नाहीत, ‘मी इथला नाहीच’ असे मनाशी म्हणत सत्र काढतात आणि नेमके त्यातच त्यांचे नुकसान होते. सर, आपला शब्द आपल्या नातवाच्या घरात वजनाचा असणार. ‘मागचे दार’ हे शब्द कृपया त्याच्या कानावर पडू देऊ नका.

‘आता बर्कलीत संगणकशास्त्र मिळेल का?’ असे आपण शेवटी विचारले आहे. त्या विषयात स्पर्धा अतिशय तीव्र आहे आणि जवळजवळ ४.० जीपीए असणाऱ्यांनाही नकार येतो, त्यामुळे केवळ त्या एका जागेवर सारे पणाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने पहिल्याच सत्रात गणिताची मालिका सुरू करावी, काउन्सेलरबरोबर चारही सत्रांचा आराखडा कागदावर उतरवावा आणि दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, आपला अभ्यासक्रम हमीत बसतो की नाही हे तपासून, एका संकुलाची हमी मागावी. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो, जानेवारीत गुणांची माहिती अद्ययावत करावी लागते आणि निकाल एप्रिलअखेरपर्यंत लागतात. निकालानंतरही वसंत सत्रातला एखादा विषय सोडला किंवा गुण घसरले तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. संगणकशास्त्राखेरीज डेटा सायन्स किंवा गणित यांपैकी काही त्याला मनापासून आवडते का, हे त्याला विचारून मला कळवावे. त्या मेजरचे तक्ते मी त्याच्याबरोबर बसून पाहीन.