'तुम्ही ऑटिस्टिक वाटत नाही' म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

आज डोकं फिरलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढं सरका.

कंपनीत आज दिवसभर ट्रेनिंग होतं. ट्रेनर पुण्याहून आलेले. सगळ्यांकडनं मोबाईलवर एमबीटीआयच्या धर्तीची पर्सनॅलिटी टेस्ट भरून घेतली आणि ज्याला त्याला स्वभावाचा 'टाईप' सांगणारी चार अक्षरं वाटली. मला आयएनटीजे. म्हणे हा टाईप दुर्मिळ, बायकांत तर फारच. टाळ्या. मग एकेकानं उठून 'स्वतःबद्दल काय नवीन कळलं' ते सांगायचं होतं. मी सरळ सांगितलं की सर, मी ऑटिस्टिक आहे, रीतसर निदान झालंय, त्यामुळं यातल्या निम्म्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं तेच मला कळेना. तर ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, स्वतःला असली लेबलं लावून घेऊ नका. तुम्ही अजिबात तशा वाटत नाही. तुम्ही फक्त इंट्रोव्हर्ट आहात, आर्किटेक्ट टाईप!" आणि माझ्या आयकार्डावर जांभळं स्टिकर चिकटवलं. लेबल लावू नका म्हणत म्हणत लेबल लावलं, सगळ्या डिपार्टमेंटसमोर.

अजिबात तशी वाटत नाही. अहो, वाटू नये म्हणून मी शाळेपासून काय काय केलंय ते कुणी विचारलंय का? समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं म्हणजे डोळ्यात बघितल्यासारखं वाटतं. हसायचं कधी ते शेजारणीच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. व्हेंडरला फोन करायच्या आधी वाक्यं वहीत लिहून काढायची. टेस्ट विचारते, 'तुम्ही अनोळखी लोकांशी सहज बोलता का?' हो, बोलते की, परचेसमध्ये आहे मी, रोज बोलते. पण ते पाठ केलेलं असतं, आणि घरी आल्यावर दिवा न लावता किती वेळ पडून राहावं लागतं ते विचारणारा प्रश्न त्या टेस्टमध्ये कुठंच नाही. मग ती उत्तरं नक्की कुणाची, माझी का मी लोकांसाठी उभी केलेल्या त्या बाईची?

माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं, मी कॉलेजात होते तेव्हा. कार्यालयाच्या दारात डॉल्बी, आत माईकवरनं आहेराची नावं, डोक्यावर ट्यूबलाईटी, गजरे, सेंट, मसालेभात, आणि प्रत्येकजण गालाला हात लावून 'ओळखलंस का मला?' विचारणारा. मी उठले आणि भांडारात जाऊन तांदळाच्या पोत्यांमधे कान दाबून बसले. आत्या शोधत आली, "काय झालं गं?" मला बोलताच येईना. शब्द होते डोक्यात, सगळेच्या सगळे होते, तोंडातनं बाहेर पडत नव्हते. आत्यानं बाहेर जाऊन सांगितलं, "लई शिष्ट पोरगी हाय, माणूसघाणी नुसती." आणि आई म्हणाली, "तिचा स्वभावच तसा हाय."

आईचं ते एक वाक्य मी वर्षानुवर्षं घेऊन फिरले. कारण स्वभावाला औषध नाही म्हणतात ना आपल्याकडं. स्वभाव म्हटलं की संपलं. पोरगी घुमी, पोरगी आखडू, सासरी गेल्यावर कळेल तिला.

आणि आज तेच वाक्य मला इंग्रजीत, प्रोजेक्टरवर, सर्टिफिकेटसकट ऐकवलं.

'गर्दीतनं आल्यावर तुम्हाला थकल्यासारखं वाटतं का?' या प्रश्नाला मी 'पूर्ण सहमत' दाबलं. माझ्या शेजारच्या सरांनीही तेच दाबलं. सर घरी जाऊन चहा घेतील, मॅच बघतील, ताजेतवाने. त्या भांडारात माझी वाचा गेली होती राव! याला थकवा म्हणायचं? 2013 पासून डीएसएम-5 मध्ये, म्हणजे जगभरचे डॉक्टर निदानाला वापरतात त्या पुस्तकात, आवाज, उजेड, वास, स्पर्श याबद्दलचं वेगळेपण ऑटिझमच्या लक्षणांत स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला काय आवडतं, तुम्ही निर्णय कसे घेता, एवढंच ही टेस्ट विचारते. आपल्या शरीराला काय सोसावं लागतं ते विचारतच नाही.

मला एखादी गोष्ट टोचली की मी खोदत बसते, हे तुम्हाला माहितीये. एमबीटीआयचा पाया म्हणजे स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगचं 1921 चं पुस्तक. त्यावरनं कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली बनवली, 1962 मध्ये ती छापून आली, आणि दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेली नव्हती. मनापासून काम केलं असेल त्यांनी, नाही म्हणत नाही. पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. युंग झुरिकच्या ज्या मनोरुग्णालयात नोकरीला होता तिथला त्याचा साहेब म्हणजे ऑयगेन ब्लॉयलर, आणि ऑटिझम हा शब्द 1910 च्या सुमारास पहिल्यांदा वापरला तो याच ब्लॉयलरनं, तेही स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबद्दल लिहिताना. मुलांमधल्या ज्या गोष्टीला आज आपण ऑटिझम म्हणतो त्यावर 1925 मध्ये ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टर बाईंनी रशियात लिहिलं, लिओ कॅनर या डॉक्टरनं 1943 मध्ये अमेरिकेत. तेव्हापासून एवढं संशोधन झालं, आणि आमच्या इथं, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत, 'अंतर्मुख आहात हो फक्त' म्हणून माणसाला वाटेला लावलं जातं.

आता कुणीतरी म्हणेलच की या टेस्टनं अनेकांना आधार दिलाय. दिलाय. ऑटिस्टिक लोक एकमेकांना भेटले की आयएनटीजे, आयएनटीपी हमखास निघतं, आणि एकटं राहावंसं वाटणं हा गुन्हा नाही असं आयुष्यात पहिल्यांदा सांगणारी जागा अनेकांसाठी हीच होती. हॉस्टेलवर असताना मलाही बरं वाटलं होतं. ठीक आहे. पण तेवढ्यावर थांबवून ठेवू नका कुणाला. अगदी केंब्रिजवाल्यांनी 2001 मध्ये काढलेली ती 50 प्रश्नांची ऑटिझमची चाचणी घ्या, तीसुद्धा फक्त 'पुढं तपासून घ्या' एवढंच सांगू शकते, त्यावरनं निदान होत नाही. आणि इथं चार अक्षरांवरनं माझं निदान खोडून काढलं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. बाबांबद्दल सांगते.

त्या दिवशी भांडारात आत्यानंतर बाबा आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. दिवा घालवला, दार ओढून घेतलं आणि बाहेर एक पातेलं पालथं घालून त्यावर बसले. कुणी आलं की "आत कोण न्हाई" म्हणायचे. अक्षता पडेपर्यंत बसून होते. त्यांना कसं कळलं हे मला तेव्हा कळलं नाही.

माझा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो चष्मा लावून, बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "हे माझंच लिवलंय की." साठी कधीच ओलांडलेला माणूस. रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं पंचगंगेवर जाणारा, पंगतीत कधी न जेवलेला, अख्ख्या भावकीनं घुमा म्हणून सोडून दिलेला. त्यांना स्वतःचं निदान वगैरे करून घ्यायचं नाही, नको म्हणतात, त्यांची मर्जी. पण तेव्हापासून विसर्जनाच्या मिरवणुकीला आम्ही दोघं सकाळीच पन्हाळ्याला निघून जातो, आणि आधी जशी कारणं सांगायला लागायची तशी आता कुणाला सांगत नाही. लग्नाला जातो, अक्षता टाकतो, कानात बोळे घालून, आणि जेवायला न थांबता परत येतो. आई आता स्वतःच सांगते लोकांना, "त्यांना आवाज सोसत न्हाई." एवढा एक बदल व्हायला तीस वर्षं गेली हो. कुठल्या टाईपनं हे दिलं असतं?

त्यामुळं त्या ट्रेनरसाहेबांचं हसणं मला सोडून देता येत नाहीये. त्यात एचआरनं जाताना सांगितलं की या शीटवरनं पुढच्या टीमा ठरवणार. एमबीटीआय विकणारी कंपनी स्वतः सांगते की नोकरीला घ्यायचं की नाही हे यावरनं ठरवू नका, आणि इथं कोण कुणासोबत बसणार, कुणाला क्लायंटपुढं न्यायचं, कुणाला नाही, ते ठरणार. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे. तर मी आत्ता हे लिहायच्या आधी एचआरला मेल केलाय. माझी जागा कॉम्प्रेसरच्या भिंतीपासून लांब हवी, सूचना तोंडी न देता लेखी हव्यात, मीटिंगचा विषय आदल्या दिवशी कळायला हवा, आणि त्या शीटवरनं माझं नाव काढा. स्टिकर मी काढून टाकलंय.

तुमच्यापैकी कुणी ही टेस्ट भरून 'अगदी मीच' म्हटलं असेल आणि तरीही लग्नाकार्यातनं आल्यावर दार लावून पडून राहावं लागत असेल, बोलणं बंद होत असेल, तर मला इनबॉक्स करा. मोठ्या माणसांचं ऑटिझमचं असेसमेंट करणारं कुणी शोधायला मला फार वणवण करायला लागली. बहुतेक ठिकाणी 'मूल कुठंय?' असंच विचारतात. माझ्याकडं आता नंबर आहेत, देते. फोन मात्र करू नका, मेसेजच करा.