'गुगलच्या सिक्रेट ट्रिक्स'वाला मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

'गुगलच्या सिक्रेट ट्रिक्स, ९९% लोकांना माहीतच नाहीत' हा मेसेज परत ग्रुपवर फिरतोय, दहावी-बारावीच्या पोरांनाही पाठवतायत, म्हणून लिहितोय, कारण त्यातलं बरंचसं कधीच बंद पडलंय.

'शब्दाआधी प्लस लावा, तो शब्द येणारच.' हे २०११ पर्यंत चालायचं. गुगल प्लस (गुगलचं फेसबुकसारखं नेटवर्क, आता बंद) आलं त्याच वर्षी ते काढून टाकलं, आता त्या कामाला डबल अवतरण चिन्हं. वळणदार ~ लावून समानार्थी शब्द शोधायचं तेही २०१३ मध्ये गेलं, आणि आता गुगल न सांगताच जवळचे शब्द धरतं.

'कॅश कोलन (cache:) लिहून डिलीट झालेलं पान बघा.' २०२४ मध्ये हेही बंद झालं. पानाचा पत्ता असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) टाकून बघा, तिथे जपलेलं असेल तर मिळेल.

'दोन शब्दांमध्ये अँड लिहा.' गरजच नाही, नुसती स्पेस पुरते.

'साइट कोलन (site:) लिहून एकाच वेबसाइटवर शोधा.' हे मात्र एकदम बरोबर, पण मेसेजमध्ये कोलननंतर स्पेस दिलीय आणि तशी दिली की ट्रिक चालत नाही, पत्ता चिकटूनच हवा आणि साइट हा शब्द इंग्रजी अक्षरांतच.

आता सगळ्यात मोठा घोळ: 'अवतरणात टाकलं की नेमकं सापडतंच.' मराठीत असं होत नाही हो! आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागला की शब्दच बदलतो. तुम्ही अवतरणात 'शेततळे अनुदान' टाकलं आणि पानावर 'शेततळ्यासाठी अनुदान' असेल तर ते पान येणारच नाही, मग माणूस म्हणतो योजनाच नाहीये. म्हणून आधी अवतरण न लावता शोधा, मग शेततळे, शेततळ्याला, शेततळ्यासाठी असे प्रकार मोठ्या अक्षरातलं इंग्रजी ऑर (OR) मध्ये घालून टाका. त्यात जुन्या सरकारी पीडीएफ बऱ्याच वेळा युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतात, डोळ्यांना मराठी दिसतं पण आत भलतीच अक्षरं, नाहीतर नुसतं स्कॅन केलेलं, तिथे कुठलीही ट्रिक लावा, मजकूर नीट सापडत नाही. शासन निर्णय हवा असेल तर सरळ महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या साइटवर जा आणि विभाग, तारीख टाकून शोधा, माझ्या मते हेच जास्त खात्रीचं.

शेवटचा दावा, 'पहिला रिझल्ट म्हणजे सगळ्यात खरा', हा तर धोकादायक आहे. वर जाहिरात असू शकते, आणि कस्टमर केअरचे खोटे नंबर टाकून फसवणारे याच सवयीवर जगतात. बँकेचा नंबर सर्च करूच नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणूक हेल्पलाइनला, फोन करा, जितका उशीर कराल तितके ते पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.