आईच्या दोन डोळ्यांतली चादर

आईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि पट्टी निघाली त्या दिवशी ती दांडीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीसमोर बराच वेळ उभी राहिली. कधी डावा डोळा झाकायची, कधी उजवा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला चादर शुभ्र, किंचित निळसर दिसत होती. दुसऱ्याला चहा सांडून धुतल्यासारखी पिवळट. कपडे मळकट राहतात म्हणून धुण्याच्या मावशींना ती गेली दोन वर्षे बोल लावत होती. त्या संध्याकाळी तिने त्यांना जवळ बसवून घेतले आणि चूक माझी होती, असे सांगितले.

डोळ्यातले भिंग इतक्या सावकाश पिवळे पडते की बिघाड आपल्यात आहे, हे माणसाच्या ध्यानातच येत नाही. यावरून ‘ज्याचे त्याचे सत्य वेगळे’ असा निष्कर्ष काढणारे अनेक जण मला भेटतात, पण मला तो पटत नाही. चादरीचा रंग आईच्या मतावर ठरत नव्हता, म्हणून तर तिला चूक कळू शकली.

दुसऱ्याच्या मनाच्या बाबतीत मात्र एक डोळा झाकून पाहण्याची सोय नाही. आईचा गुडघा किती दुखतो, हे मला तिच्या शब्दांवरून आणि जिना उतरताना कठड्यावर आवळलेल्या बोटांवरूनच कळते. ज्याला दुखते त्याची साक्ष ऐकण्यावाचून दुसरा मार्ग मला दिसत नाही.

म्हणूनच ‘त्या काळी तेच योग्य होते’ हे वाक्य मला अस्वस्थ करते. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले. नवऱ्याने १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दाखवली. ‘केसरी’तून त्यांच्यावर टीका झाली. रखमाबाईही त्याच काळातल्या, त्याच मुंबईतल्या होत्या. तरीही ‘त्या काळाचे मत’ म्हणताना आपण नवऱ्याचे, न्यायालयाचे आणि वर्तमानपत्राचे मत धरतो, आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न होता तिचे मत मोजायचेच राहून जाते. याला सहिष्णुता म्हणायला माझे मन तयार होत नाही.